कचेरीतला वास : वऱ्हाडातील एका अलिखित नियमाचा इतिहास

अमरावती-अकोल्याकडच्या कार्यालयांत दुपारी दीडच्या सुमारास डबे उघडतात आणि कधीतरी कोणीतरी फायलीतून मान वर काढून विचारतो, ‘आज कोनाच्या डब्यात हाये ठेचा?’ हा प्रश्न कौतुकाचा की तक्रारीचा, हे विचारणाऱ्याच्या स्वरावरून कळते. पुष्कळदा डबेवाल्याच्या आडनावावरूनही कळते.

वासाची कुरकुर माणसाच्या नाकाइतकीच जुनी असणार. पण ती कचेरीतली कुरकुर होण्यासाठी काही गोष्टी जुळून याव्या लागतात. वेगवेगळ्या चुलींवरची माणसे एका खोलीत कामाला यावी लागतात, त्यांनी तिथेच जेवावे लागते आणि त्या खोलीच्या खिडक्या बंद असाव्या लागतात. वऱ्हाडात हे सगळे एकदम घडले नाही. मध्ये शंभर-सव्वाशे वर्षे गेली, आणि त्या काळात तक्रारीची भाषाच बदलली. या निबंधाचा विषय तो बदल आहे.

इंग्रजी वळणाची कचेरी वऱ्हाडात आली ती निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहानंतर. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, अशी ती विचित्र व्यवस्था होती. पुढे पूर्व वऱ्हाडाचे मुख्य ठाणे अमरावतीत आणि पश्चिम वऱ्हाडाचे अकोल्यात स्थिरावले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापसाला भाव आला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यासोबत दफ्तरे, कोर्टे, पेढ्या वाढल्या. लिहिणारे कारकून पुण्या-कोकणाकडून आले, काही निजामाच्या जुन्या अमलातले फारसी जाणणारे होते, काही इथलेच. एका छपराखाली निरनिराळ्या घरांतली माणसे बसू लागली.

पण ती तिथे जेवत नव्हती. कारकून सकाळीच घरी पोटभर जेवून निघे आणि रात्री घरी जेवे. मधल्या वेळेला चहा, फार तर चिवडा, नाहीतर पानसुपारी. मुंबईत गिरण्या आणि उपनगरांनी घर व काम यांत कोसांचे अंतर पाडले, म्हणून तिथे १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा धंदा उभा केला. अमरावतीच्या परकोटाआतल्या घरातून कॅम्पातल्या कचेरीत पायी जाता येत होते. तिथे डबेवाल्याची गरज कोणाला असणार?

कचेरीत खरा प्रश्न होता पाण्याचा. माठ कोणाचा, ओगराळे कोणाच्या हातात, पेला वेगळा की ओंजळ. रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ असे पुकारे होत. त्या काळच्या अधिकाऱ्यांना हे सारे पाठ असावे लागे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतांतील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात कोणती जात कोणाच्या हातचे पाणी घेते, कोणाचे पक्के अन्न चालते आणि कोणाचे कच्चे चालत नाही, याच्या नोंदी पानोपानी आहेत. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या कारभारात आलेला होता. हा ग्रंथ लिहिणारे दोघेही सरकारी नोकर, म्हणजे कचेरीतलीच माणसे, हे वाचताना विसरू नये. हात, भांडे, पंगत, शिजवणारा यांची मोजणी त्यांनी बारकाईने केली आहे. शेजारच्या ताटाचा वास हा त्या मोजणीतला रकाना नव्हता.

याचा अर्थ शास्त्राला वास ठाऊक नव्हता असा नाही. लसूण आणि कांदा मनुस्मृतीच्या निषिद्ध यादीत आहेत. ‘घ्राणेन अर्धभोजनम्’ हे वचन तर आपण भज्यांच्या गाडीपाशी उभे राहून गंमतीने म्हणतो. वास घेणे म्हणजे अर्धे जेवणे. या वचनाचा तर्क शेवटपर्यंत नेला तर काय होते, हे बंगालमधल्या एका दंतकथेत दिसते, आणि ती कथा दरबारातली, म्हणजे त्या काळच्या कचेरीतली आहे. जेसोरकडे पीर अली नावाचा वजीर होता. रमजानच्या दिवसांत तो एकदा लिंबू हुंगत बसला असता कामदेव आणि जयदेव नावाच्या ब्राह्मण कामगारांनी थट्टा केली, की वास घेणे म्हणजे अर्धे भोजन, तेव्हा तुमचा रोजा मोडला. वजिराने थट्टा लक्षात ठेवली. पुढे दरबार भरवून त्याने शेजारी गोमांस शिजवायला लावले, आणि तुमच्याच शास्त्राप्रमाणे तुम्ही अर्धे जेवलात असे सुनावले. त्या दोघांची जात गेली. त्यांच्या वंशाला पिराली ब्राह्मण म्हणू लागले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांचे घराणे याच पिराल्यांपैकी. दंतकथेत तथ्य किती हे बाजूला ठेवू. ठाकुरांच्या घराला कर्मठ ब्राह्मण कुटुंबांशी सोयरिकी जुळवताना पिढ्यान्‌पिढ्या अडचण आली, ही मात्र कथा नाही. नाकाने गेलेल्या गोष्टीची शिक्षा इतकी लांब पोचू शकते.

महाराष्ट्रात असा खटला घडला तो वासाचा नव्हे, कपाचा. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी नावे छापली आणि ग्रामण्य सुरू झाले. चौकशी कोणी काय तोंडाला लावले याची झाली. अठ्ठावीस वर्षांनी, १९१८ मध्ये, डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. सुशिक्षितांच्या नोकरीच्या जागेतली ही हरकत आहे, आणि तिची भाषा अजून स्पर्शाची आहे. आक्षेप घेणाऱ्याला आडपडदा ठेवण्याची गरज वाटलेली नाही.

ती गरज १९५० नंतर निर्माण झाली. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे शिक्षापात्र ठरवले. आता ‘माझ्या माठाला हात लावू नकोस’ हे वाक्य गुन्हा झाले. ‘जरा वास येतोय, बाहेर बसून खाता का?’ हे वाक्य गुन्हा नाही. ते सभ्यही वाटते, आणि पुष्कळदा खरेही असते. मला या इतिहासातला सांधा इथे दिसतो. उघड बोलता न येणारी जुनी हरकत नाकाच्या आडोशाला जाऊन बसली. प्रत्येक तक्रारीमागे ती असते असे कोणी म्हणणार नाही. पण तिला लपायला जागा मिळाली, आणि त्यामुळे साधी, प्रामाणिक तक्रारही संशयित झाली. दोन्हीकडचा हा तोटा आहे.

वऱ्हाडात याच सुमारास कचेरीतली माणसेही बदलत होती. या मुलखाला सहभोजनाची जुनी ओळख आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू तेराव्या शतकात कोणाच्याही घरात शिरत, महार-मातंगांच्या घरीही, आणि समोर येईल ते खात. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळांमध्ये हे प्रसंग आहेत. (त्यांना मानणारा महानुभाव पंथ मात्र कडक शाकाहारी. इतिहासाला असे पेच आवडतात.) शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी जातीची पंगत मोडली आणि देवापुढचा बळीही बंद करायला लावला. म्हणजे वऱ्हाडात मांसाला नको म्हणणारा प्रत्येक जण सोवळेवाला होता, हे समीकरण चुकीचे आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. त्या चळवळीत असलेल्या पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, तिथे मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. १९३२ मध्ये त्यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात आले, १९८३ मध्ये अमरावतीला विद्यापीठ झाले. या शाळा-महाविद्यालयांतून निघालेली शेतकऱ्यांची, कारागिरांची, बौद्ध घरांतली मुले तहसील, जिल्हा परिषद, बँक, वीज मंडळ, कॉलेज यांच्या टेबलांवर बसली. त्यातले कितीतरी गावाकडून एसटीने ये-जा करणारे. सकाळी सातला घर सोडणाऱ्याला डबा लागतोच. डबा वऱ्हाडी कचेरीत शिरला तो असा, आणि त्यात गावच्या चुलीवरचे जेवण होते.

ते जेवण वासाला मुळीच संकोची नाही. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात परतून लसणासह खलबत्त्यात रगडलेला ठेचा. चून-भाकर, म्हणजे इतरांचे पिठले-भाकरी. आंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. जवसाची चटणी. भरल्या वांग्यांची भाजी आणि रोडगे, तेही आदल्या दिवशीचे असले तर अधिक चवदार. पावसाळ्यात वाळलेले झिंगे, सुकट, बोंबील. समुद्र पाचशे-सहाशे किलोमीटर दूर, पण त्याचा वास इथल्या आठवडी बाजारात एक कोपरा धरून असतो.

यांतला प्रत्येक वास वेगळ्या कारणाने उग्र आहे, आणि त्यावरचा उपायही वेगळा. लसणाची पाकळी अखंड असेतो गप्प असते. ती चिरडली की पेशींतली दोन द्रव्ये एकमेकांना भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होते. म्हणून ठेचलेला लसूण चिरलेल्यापेक्षा जास्त बोलतो. त्याचा एक गंधकयुक्त अंश रक्तातून फुफ्फुसांत जातो आणि श्वासातून तासन्‌तास बाहेर पडत राहतो, तेव्हा चूळ भरून किंवा बडीशेप चघळून तो पुरता जात नाही. मिरची परतताना जो ठसका लागतो तो तर वासच नव्हे. कॅप्सेसिनची वाफ नाकातल्या जळजळ ओळखणाऱ्या नसांना डिवचते. जवसाच्या तेलात हवेशी चटकन संयोग पावणारे लिनोलेनिक आम्ल भरपूर असते. त्याच गुणामुळे चित्रकार हे तेल रंगात वापरतात, आणि त्याच गुणामुळे जुनी झालेली चटणी रंगाच्या डब्यासारखी वासू लागते. ताज्या चटणीला हा दोष लावणे अन्याय आहे. वाळल्या माशाचा वास अमाइन जातीचा. चिंच, आमसूल, लिंबू यांतले आम्ल त्याला बांधून ठेवते, उडू देत नाही. बोंबलाच्या कालवणात आंबट घालणारी आजी रसायनशास्त्र शिकली नव्हती, पण तिचा डबा दुसऱ्यांना कमी जाचला असता.

मराठीने हे भेद शब्दांत धरून ठेवले आहेत. खमंग वेगळा, खवट वेगळा. कुबट, ओशट, करपट, जळकट. ‘ट’ लागला की नाक मुरडलेच म्हणून समजावे. ग्रामीण बोलीत मांसाहाराला ‘वशाट’ म्हणतात, तिथेही हा ‘ट’ हजर आहे. पण ‘वास’ हा मूळ शब्द कोणाची बाजू घेत नाही. अत्तराचाही वास असतो आणि गटाराचाही. कार्यालयात मात्र ‘वास येतोय’ एवढेच म्हटले की ते दुर्गंधासाठीच असते. सुगंधाला ‘छान वास सुटलाय’ असे विशेषण जोडावे लागते. तूप-जिऱ्याच्या फोडणीला विशेषण मिळते, झिंग्यांना मिळत नाही.

हा पक्षपात कोठून येतो, याचे एक उत्तर विज्ञानाने दिले आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील जुली मेनेला यांनी १९९५ मध्ये दाखवले, की गरोदर स्त्रीने लसूण घेतला तर गर्भजलालाही त्याचा वास येतो. आपण घरचा वास जन्माआधीच शिकू लागतो. उलट जो वास घरात कधी नव्हता त्याला मन आधी धोका समजते. दुसरी गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येईल: नाक काही मिनिटांतच एका वासाला सरावते. डबा खाणाऱ्याला आपला वास लागत नाही, शेजारचाही लवकरच विसरतो. तक्रार करतो तो नंतर दार उघडून आत येणारा. म्हणून ‘एवढा काही वास नाही’ आणि ‘डोके उठले’ ही दोन्ही वाक्ये एकाच खोलीत, एकाच क्षणी खरी असू शकतात. अर्धशिशीचा त्रास असलेल्याला, गरोदरपणात मळमळणाऱ्या सहकारिणीला फोडणीचा वास खरोखर सोसवत नाही. त्यांना जातीयवादी ठरवून गप्प करणे, हे डबेवाल्याला गावंढळ ठरवण्याइतकेच वाईट.

आता राहिल्या खिडक्या. इंग्रजांच्या कचेऱ्या उंच छताच्या, चहूबाजूंनी व्हरांड्याच्या होत्या, कारण वऱ्हाडचा उन्हाळा. दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत; वारा आत येताना थंड होई आणि पलीकडच्या दाराने निघून जाई. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे पुढे डेझर्ट कूलर आला, तोही याच तत्त्वाचा. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून आत ढकलतो आणि खिडकी उघडी ठेवली नाही तर खोलीत चिकचिक होते. कूलरच्या कचेरीत ठेच्याचा वास आला, नाचला आणि खिडकीवाटे गेला. एसीचे उलट. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची घेत नाही. दीडला उघडलेला डबा चारच्या मीटिंगलाही हजर राहतो. त्यात मायक्रोवेव्ह आला. थंड भाकर-भाजीचा वास मर्यादेत असे, गरम केलेल्या रश्श्याचा मजलाभर जातो. दरम्यान जुन्या इमारतींतले व्हरांडे नोंदी, संगणक आणि वाढीव टेबले मावावीत म्हणून काचा-प्लायवूडने बंद झाले. ज्या जागी लोक डबा घेऊन बसत, ती जागाच गेली आणि डबा कामाच्या टेबलावर आला. वासावरचे अनेक भांडण हे मुळात वास्तुरचनेचे भांडण आहे, आणि ते माणसांच्या माथी मारले जाते.

भांडण मिटवण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे पदार्थांची यादी. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली, तिच्यात बांबूचे कोंब, अखुनी अशा वासाच्या पदार्थांनी शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये असा सल्ला होता. अखुनी म्हणजे नागालँडकडचे आंबवलेले सोयाबीन. पुढे २०१९ मध्ये ‘अ‍ॅक्सोन’ नावाचा चित्रपटच या वासावर आला. एप्रिल २०१४ मध्ये चेन्नईच्या ‘द हिंदू’ वृत्तपत्रात, बहुसंख्य शाकाहारी सहकाऱ्यांची अडचण होते म्हणून उपाहारगृहात मांसाहारी जेवण आणू नये, अशी सूचना निघाली आणि मोठी चर्चा झाली. २०२३ मध्ये आपल्याच पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातली सहा टेबले शाकाहारींसाठी राखण्यावरून विद्यार्थी निषेधाला बसले आणि एकाला दहा हजार रुपये दंड झाला. या याद्यांत नेमके कोणते वास येतात ते पाहावे. फणसाचा, हिंगाचा, मुळ्याच्या भाजीचा वास काही मऊ नसतो. त्यांना कधी यादीत जागा मिळत नाही.

घरातला निर्बंध मराठी माणसाला नवा नाही. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी, थालिपिठे, वांग्याचे भरीत असे पोटभर खाऊन चातुर्मासभर कांदा-लसूण-वांगे सोडणारी घरे आजही आहेत. पण तो नियम स्वतःच्या तोंडाला लावलेला आहे. सोडणाऱ्याने शेजाऱ्याच्या टोपल्यातले कांदे मोजलेले नाहीत.

दुसरा मार्ग आपल्या कायद्यात २०२५ पर्यंत पंचाहत्तरहून अधिक वर्षे पडून होता, आणि कार्यालयांच्या वादात त्याची आठवण कोणी काढली नाही याचे मला नवल वाटते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ४७ वे कलम सांगत होते, की दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे विश्रांतीची जागा आणि पिण्याच्या पाण्यासह एक योग्य भोजनकक्ष हवा, जिथे कामगार घरून आणलेले जेवण जेवू शकतील. आणि पुढे: असा भोजनकक्ष असेल तिथे कोणीही कामाच्या खोलीत जेवू नये. या कलमात एकाही पदार्थाचे नाव नव्हते. बंदी होती ती जागेवर, आणि ती मालकाने आधी दुसरी जागा दिल्यानंतरच लागू होत असे. साहेबाच्या पोह्यांनाही ती लागू, रेजाच्या बोंबलालाही.

कलम कारखान्यांचे होते, टेबल-खुर्चीच्या कचेऱ्या त्यात येत नव्हत्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी उपाहारगृह सांगितले आहे. अमरावती-अकोल्यातली बहुतेक खासगी कार्यालये त्या आकड्याच्या खूप खाली आहेत: वीस माणसे, दोन खोल्या, एक एसी. तिथे कायदा हात देत नाही; तिथे एक कोपरा मोकळा करावा लागतो. खिडकीपाशी टेबल, हवा बाहेर फेकणारा पंखा, हात धुवायला बेसिन, उष्ट्यासाठी झाकणाचा डबा आणि तो दुपारीच बाहेर नेण्याची सोय. मायक्रोवेव्ह त्याच कोपऱ्यात, मुख्य खोलीत नव्हे. ठेचा वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत आणायला कोणाची ना नसते, फक्त ते सांगताना डबीबद्दल बोलावे, घराबद्दल नको. गरोदर सहकारिणीची जागा त्या कोपऱ्यापासून लांब हलवायला एक दुपार पुरते.

आणि एवढे करूनही कोणी कुरबुर करत राहिला, तर वासाच्या नावाखाली दुसरेच काही बोलले जात आहे का, हे त्या कार्यालयाला अखेर विचारावे लागते. कोपरा नसेपर्यंत हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तोवर दोघांचेही खरे असते.